पाच पुड्यांची कॉफी

(कर्जत तालुक्यातल्या कळंबजवळच्या एका रिसॉर्टातली, चादरी-टॉवेलांची खोली. रविवार, सकाळचे सव्वादहा. मनोज जमिनीवर, मळक्या चादरींच्या ढिगाला टेकून, कुशीवर निजलेला. उशाशी त्याची आई जना, इथेच भाकऱ्या करणारी. समोर निवेदिता, मालक अजेयची थोरली बहीण.)

निवेदिता : मावशी, तो ग्लास खाली ठेवा.

जना : सरा तुमी जरा, ताई. येळ नाय.

निवेदिता : त्याच्या तोंडात आत्ता काही घालायचं नाही. पाण्याचा थेंबसुद्धा नाही. अजून गिळायची शुद्ध नाही त्याला, श्वासात जाईल.

जना : मानेखाली हात घालून, बसवून पाजते मी. नव वर्सं झाली, फिट येती त्याला. तुमी आज बघितली.

निवेदिता : आजच बघितली. कबूल. दोन मिनिटं दहा सेकंद, फोनवर मोजली. तरी ग्लास खाली ठेवा.

जना : अवो, झोपू दिला तर दुसरी येती!

निवेदिता : दुसरी म्हणजे?

जना : जोडी. ह्याला जोडीनं येती. एक झाली का अर्ध्या तासात दुसरी, पयलीपेक्षा वंगाळ. म्हनून तर उठवायचा असतो लवकर. माझी सासू म्हनायची, पडलेल्याला झोपू द्यायचं नाय, जीव डोंगराला फिरत ऱ्हातो, मंग दुसऱ्यांदा पाडतो. कडू कायतरी पाजायचं आणि नावानं हाका मारायच्या. मनोज! ए मनोज! उठ रं बाबा!

निवेदिता : हळू. हाका मारल्यानं बिघडत नाही, पण हलवू नका त्याला. श्वास बघा किती छान चाललाय. तोंडही निळं नाही आता.

जना : शेट यायच्या आत उठला पायजे, ताई. पाया पडते. मागल्या येळी शेट बोलले, आता परत जोडी आली तर घरी बसवीन. ह्याचा बा माथेरानला घोड्यांमागं चालून गुडघ्यातनं गेला. माझ्या भाकऱ्यांवर भागत नाय, घरात कमावतं ह्ये येकच पोर हाय. आणि ह्ये काम सुटलं का ह्याला फिटचा म्हनून दुसरं कोन ठेवील?

अजेय : काय चाललंय इथं? चार नंबरची बेडशीट अजून... अरे देवा. परत?

जना : काय नाय शेट, चक्कर आली. उठतोच हाय आता.

अजेय : मावशी, चक्कर कुठली आणि फिट कुठली, मला कळतं. माझ्याच पूलच्या काठावर बघितलीय मी. ताई, तू काय करतेयस इथं? तू प्रबंध लिहायला आलीयस ना?

निवेदिता : टॉवेल मागायला आले होते. माझ्यासमोर पडला. अजू, टेंपो दाराशी लाव. ड्रायव्हरला सांग, चावी खिशात ठेवून जाग्यावर बस. दुसरी आली तर सरळ कर्जतला, हॉस्पिटलात.

अजेय : दशरथ! ए दशरथ! टेंपो मागं घे रे! ...हां, लावतोय. पण ताई, त्याला उठव तरी. पुण्याचा ग्रुप आहे, बावीस लोक. मघाशी दहाच्या आत फोन होता, खालापूरचा टोल ओलांडला म्हणून. पाऊण तासात इथं टपकतील. हा असा आडवा, मावशी इथं, भाकरीचा काउंटर कोण बघणार?

निवेदिता : काउंटर गेला खड्ड्यात.

अजेय : तुला बोलायला काय जातंय! तू महिन्यानं बेंगळुरूला जाशील तुझ्या उंदरांकडं. रिव्ह्यू मला वाचायला लागतात.

जना : शेट बोलतात त्ये बरोबर हाय. सरा ताई. एवढा ग्लास पोटात गेला का उठंल.

निवेदिता : काय आहे त्यात?

जना : काय नाय. कॉफी.

निवेदिता : एवढी काळी? वास बघ अजू. डांबर आहे हे. किती घातलीत?

जना : घातली जरा.

निवेदिता : मावशी, किती?

जना : ...पाच पुड्या.

अजेय : पुड्या? कसल्या पुड्या?

जना : कॉफीच्याच, शेट.

अजेय : मावशी, खोलीतल्या ट्रेमधल्या? त्या पाहुण्यांच्या? तरीच स्टॉक जुळत नाही! मी त्या सप्लायरला शिव्या घालतोय गेलं वर्षभर!

जना : चोरी नाय केली, शेट. पाहुनं जाताना ठिवून जातात. मनोज खोली झाडतो तवा खिशात टाकतो, फेकायच्याच असतात म्हनून. औषधाला लागत्यात म्हनून. देवाशपथ, चैनीला येक पुडी फोडली नाय कदी.

निवेदिता : थांबा, थांबा दोघंही. मावशी, आधी काय पाजायचात? पुड्या नव्हत्या तेव्हा?

जना : कोरा चहा. पन त्यो प्याचाच नाय, दोन घोट घेऊन तोंड फिरवायचा. निजायचा मंग दोन-दोन तास. कॉफीला चव लागते, गटागट पितो आणि पाच मिंटात टकमक बघाय लागतो.

निवेदिता : आणि तेव्हा, कोऱ्या चहाच्या वेळी, फिट जोडीनं यायची?

जना : ...काय म्हनलात?

निवेदिता : तेव्हा दुसरी यायची का?

जना : तवा? नाय. तवा येकच यायची. महिन्या-दोन महिन्यानं, येकच. जोडी हितं कामाला लागल्यापास्नं सुरू झाली. समद्या वाडीला ठावं हाय त्ये. ह्या जाग्याचंच काय तरी हाय.

अजेय : माझ्या जाग्याचं?

जना : तुमच्या बाबांनी हिर बुजवून त्यो पोहायचा तलाव केला ना. भरल्या पान्याची हिर कोन बुजवतं? म्हनून मी गेल्या वर्साला कोंबडा दिला तिथं, कोपऱ्यात.

अजेय : ते तुम्ही होतात? पूलमध्ये पिसं! त्या ठाण्याच्या बाईंनी फोटो काढून नेटवर टाकला होता, हायजीन म्हणून!

निवेदिता : अजू, गप्प बस. घड्याळ बघ. किती झाले?

अजेय : दहा एकवीस.

निवेदिता : फिट थांबली दहा बाराला. म्हणजे नऊ मिनिटं. मावशी, तो ग्लास मला द्या.

जना : ताई...

निवेदिता : द्या. मी पिणार नाही, फेकणारही नाही. तिकडे खिडकीत ठेवते, तुमच्या डोळ्यांसमोर. आणि अर्धा तास मला द्या फक्त. दुसरी आली तर तुम्ही म्हणाल ते ऐकेन.

जना : दुसरी आली तर नोकरी जाईल त्याची. तुमचं काय जाईल?

अजेय : तिला विचारताय ते बरोबर आहे. ताई, तू डॉक्टर नाहीयेस. म्हणजे ती वाली डॉक्टर नाहीयेस.

निवेदिता : नाहीये. पाच वर्षं उंदराच्या मेंदूच्या चकत्या बघतेय. अर्ध्या मिलिमीटरहून पातळ चकती, पाण्यात जिवंत ठेवलेली. अख्खा माणूस पडताना मी आजच पाहिला. पण त्या चकतीत फिट आणता येते, आणि ती आपणहून थांबते ना, ती कशानं थांबते हाच माझा प्रबंध आहे.

अजेय : कशानं?

निवेदिता : ॲडिनोसीन.

अजेय : मराठीत सांग.

निवेदिता : मराठीत काय सांगू, नावच ते आहे. मेंदूतली पेशी काम करते तेव्हा शक्ती जाळते, बरोबर? जळल्यावर जे उरतं, त्यातून हे तयार होतं. फिटमध्ये लाखो पेशी एकदम बेभान होऊन शक्ती जाळतात, म्हणून हेही भसाभस साठतं. पेशीच्या अंगावर त्याच्या नेमक्या मापाच्या खाचा असतात. तिथे ते बसलं की पेशी थंडावते. सहजासहजी पेटत नाही, शेजारच्या पेशीला निरोप पाठवणं कमी करते. असं होत होत फिट विझते. मग माणूस असा गाढ निजतो. ही झोप म्हणजे आजार नाही अजू, बऱ्याच अंशी हा आजारावरचा उतारा आहे.

अजेय : आणि कॉफी?

निवेदिता : कॉफीतलं कॅफीन त्याच खाचेत जाऊन बसतं. स्वतः काही करत नाही. नुसतं अडवून बसतं.

अजेय : एसटीत रुमाल टाकल्यासारखं.

निवेदिता : हो. ॲडिनोसीन आलेलं असतं, भरपूर असतं, पण बसायला जागाच नाही. आपल्यासारख्याला त्यानं तरतरी येते, बास. ज्याचा मेंदू आत्ताच पेटून विझलाय, त्याला पाच पुड्या एकदम... आणि त्या अंगात पुरत्या भिनायला वेळ किती लागतो माहितीये? अर्धा तास, पाऊण तास.

अजेय : ...जोडी.

निवेदिता : मला तसं वाटतं. शपथ घेऊन नाही सांगू शकत.

जना : मला नाय कळलं. जळून उरतं म्हंजे काय? राख?

निवेदिता : राख... हो. तसंच काहीसं.

जना : चुलीत रातभर निखारा ठिवायचा तर त्याचीच राख त्याच्यावर लोटायची. बाहेरनं राख आनत नाय कोन. निखारा हाय तसा ऱ्हातो, भडकत नाय. तसं?

निवेदिता : तसंच. मावशी, मी हे पहिल्या प्रकरणात चाळीस पानं लिहिलंय.

जना : आणि मी येऊन फुंकर मारत व्हते.

निवेदिता : असं नका म्हणू.

जना : मंग कसं म्हनू? किती झाले, शेट?

अजेय : दहा अठ्ठावीस. सोळा मिनिटं. ...हॅलो? हां सर, बोला सर. नाही नाही, स्विमिंग पूल चालू आहे. वेलकम ड्रिंक कोकम आहे सर. या, या. ...कर्जतच्या चौकात चहाला थांबलेत. देव पावला.

जना : हात हलला त्याचा! ताई, बोटं हलली!

निवेदिता : कुठे? बघू. ...नाही, हे झोपेतलं आहे. कूस नीट करतोय. थांबा, पाय धरू नका. काही धरायचं नाही. बघा, शांत झाला.

जना : मला हितं बसवत नाय. कायतरी करू द्या मला. पाय चोळू? कांदा हुंगवू?

निवेदिता : काही नाही करायचं.

जना : कसली हो तुमची दवा ही, कायच नाय करायचं म्हंजे! आईला बसवतं का असं?

निवेदिता : मलाही नाही बसवत. मला वाटतंय, उठवावं आणि विचारावं, बाबा रे, तुझं नाव काय, म्हणजे मी सुटले. सकाळपासून चार कॉफ्या प्यायलेय मी, छाती धडधडतेय नुसती.

जना : तुमी स्वता पिता? एवढं शिकून?

निवेदिता : पिते. जागून लिहायला लागतं.

अजेय : ताई, एक विचारू? झोप कमी पडली तरी येते का ही?

निवेदिता : फिट? हो, झोपमोड हे मोठं कारण आहे. का रे? काल किती वाजता सोडलंस याला?

अजेय : शनिवार होता. कॅम्पफायर दीडला संपली. आवरून दोन.

निवेदिता : आणि आज?

अजेय : सहाला बोलावला. ब्रेकफास्ट असतो ना. तो म्हणाला, शेठ, डोळे मिटतायत. मीच म्हटलं, कॉफी मार एक कडक आणि लाग कामाला.

निवेदिता : शाब्बास.

अजेय : मला काय माहीत? मी पण तीच मारून उभा होतो. तू नको बघू असं. आणि मी काही त्याला हौसेनं घरी बसवत नव्हतो. तो पूलच्या जाळीनं पानं काढत असतो, एकटा, सकाळी. दुसरी फिट तिथं आली तर? पाण्यात? मला ते दिसतं रोज, झोपताना. मावशींना तोंड काय दाखवू मी?

जना : त्ये मलाबी दिसतं, शेट. म्हनून तर सकाळी भाकरीचं पीठ तिथं काठावर बसून मळते मी. तुमी वरडता, पाहुन्यांसमोर नको म्हनून.

अजेय : ...तेवढ्यासाठी बसता होय तुम्ही तिथं?

जना : मंग काय हौस हाय का, उन्हात?

निवेदिता : डॉक्टरांना सांगितलं होतंत का जोडीचं?

जना : सांगितलं. गोळी वाढवली त्येनी. दोनदा वाढवली. सुस्त पडायचा पोरगा, जोडी काय थांबली नाय. इचारलं त्येनी, आनखी काय देता का घरी? मी म्हनलं, काय नाय.

निवेदिता : अहो, का? कॉफी देते, एवढं सांगायचं ना!

जना : चोरीचा माल डाक्टरला कसा सांगू? कर्जतातले सगळे येकमेकाला वळखतात. त्येनी तुमच्या बाबांच्या कानावर घातलं असतं तर? दहा रुपयाच्या पुडीपायी पोराची नोकरी घालवू?

अजेय : दहाची पण नाही हो ती. दोन रुपयाला पडते मला. मावशी, दोन रुपये!

निवेदिता : उद्या मी येते तुमच्याबरोबर. सगळं सांगायचं त्यांना, पुड्यांसकट, शनिवारच्या जागरणासकट. गोळी आपल्या मनानं कमी-जास्त करायची नाही. काय ते डॉक्टर ठरवतील.

जना : किती झाले?

अजेय : दहा छत्तीस. चोवीस.

जना : मागल्या येळी पंचविसाव्याला आली व्हती. मनोज... ए बाळा...

निवेदिता : हाक मारा हवं तर. हळू मारा.

जना : नको. नाय मारत.

अजेय : श्वास बरोबर आहे ना?

निवेदिता : मोजतेय. बोलू नको.

जना : ताई.

निवेदिता : हं.

जना : येक इचारते. खरं सांगा. त्याचं फुडलं दोन दात गेलं, दिवाळीच्या आधी. दुसऱ्या फिटमधी गेलं. चुलीम्होरं बसवला व्हता मी, भिंतीला टेकून, आणि ग्लास संपवायला लावला, बळंबळं. जरा भांडं घासाय वळले तवर त्यो आडवा. तोंड चुलीच्या दगडावर. त्ये कॉफीनं झालं का?

निवेदिता : मावशी, ते आता कुणालाच नक्की सांगता येणार नाही.

जना : नक्की नका सांगू. तुमास्नी काय वाटतं त्ये सांगा.

अजेय : ताई, राहू दे ना.

जना : तुमी गप ऱ्हावा, शेट. तुमचं पोर नाय त्ये. सांगा, ताई.

निवेदिता : ...मला वाटतं, हो. कॉफीनं.

जना : म्हंजे माझ्या हातानं.

निवेदिता : तुमच्या हातात जे होतं ते तुम्ही दिलंत.

जना : सात येळा दिलं. सात जोड्या. येकदा तर त्यो नको म्हनत व्हता, मान हलवत व्हता, मी नाक दाबून पाजली. आणि वर कोंबडा त्या हिरीला! हिरीनं काय केलं व्हतं माझं?

अजेय : मावशी, रडू नका. पुड्या माझ्या, जागरण माझं. तुमचा एकटीचा हिशेब नाही हा.

जना : रडत नाय मी. किती झाले?

अजेय : दहा एक्केचाळीस.

जना : पंचवीस गेलं?

निवेदिता : एकोणतीस झाली.

जना : आनखी थांबायचं?

निवेदिता : पुरा तास बघू. आणि मावशी, आज नाही आली म्हणून हे सिद्ध झालं असं नाही. एकदाच्यानं काही ठरत नसतं.

जना : तुमचं ठरंल तवा ठरंल. माझं ठरलं.

अजेय : मी बोलतो एक. पूल मनोजकडे नाही. आजपासून नाही. शनिवारची रात्र पण नाही, दहाला सुट्टी. खोल्या करू दे, पण एकटा नाही, सोबत दुसरा पोरगा देतो. आणि घरी बसवण्याचं... ते मी तावात बोललो होतो.

जना : पगार?

अजेय : तोच.

जना : पूल नाय तर पगार कमी व्हनार नाय?

अजेय : नाही म्हटलं ना! ...हॅलो? हां सर. कर्जत सोडलं? बरं बरं, सरळच या. ...ताई, पोचतायत. मावशी, तुम्ही बसा इथंच. भाकऱ्या बघतो मी.

जना : तुमाला येतात?

अजेय : नाही येत. फोटोपुरत्या थापीन. पाहुणे फोटोच काढतात.

जना : पीठ भिजवून ठिवलंय परातीत. पानी घालू नका आनखी, सैल हुईल.

निवेदिता : जा तू. आणि अजू, खिडकीतला तो ग्लास ने. मोरीत ओत.

अजेय : नेतो. ...हा बघ. हा बघ, डोळे उघडतोय!

निवेदिता : गर्दी नको. मावशी, तुम्हीच बोला. त्याला तुमचाच आवाज ऐकू दे.

मनोज : आय...

जना : हाय रं. हितंच हाय मी.

मनोज : चादरी राहिल्यात... चार नंबरच्या.

जना : घालतील कोनतरी.

मनोज : दुसरी येऊन गेली का गं?

जना : नाय आली.

मनोज : खरं?

जना : खरं. नाय आली.

मनोज : मंग दे, कॉफी दे. पितो, उठतो.

जना : कॉफी नाय आज. झोप तू.